बायोडाटा पन्नास रुपये, सर्टिफिकेट तीस रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'जागतिक रोजगारासाठी विद्यार्थ्यांची सज्जता' या विषयावरच्या कार्यशाळांच्या बातम्या हल्ली आपल्या जिल्हा पुरवणीत आठवड्याआड दिसतात. त्यातल्याच एका कार्यशाळेची दोनशे दहा सहभाग प्रमाणपत्रं मी छापून दिली होती. कार्यशाळा शनिवारी होती, प्रमाणपत्रं शुक्रवारी संध्याकाळीच नावांसकट बांधून गेली. तेव्हा या विषयावर दोन शब्द लिहायचा अधिकार मलाही आहे, असं मी समजतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सतरा वर्षं झाली. परीक्षा फॉर्म, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पीकविमा, पासपोर्टचा अर्ज, असं सगळं इथे होतं. आणि बायोडाटा. टाइप करून, फोटो टाकून, दोन रंगीत प्रिंटसह पन्नास रुपये.

बायोडाटाची फाइल माझ्या कॉम्प्युटरवर एकच आहे. 2011 साली एका इंजिनिअर पोराने आणून दिली होती, तीच. नाव बदलायचं, वडिलांचं नाव बदलायचं, गाव आणि टक्केवारी बदलायची. बाकी मजकूर जसाच्या तसा. वर 'ऑब्जेक्टिव्ह', त्यात आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याची इच्छा. मग 'स्ट्रेन्थ', त्यात हार्डवर्किंग आणि पॉझिटिव्ह ॲटिट्यूड. छंद तीन: रीडिंग, लिसनिंग म्युझिक, प्लेइंग क्रिकेट. 'लिसनिंग'च्या पुढे 'टू' राहिला आहे, हे कॉलेजातल्या एका मॅडमनी दाखवून दिलं तेव्हा आठ-नऊ वर्षं उलटून गेली होती. तोवर चार-पाचशे पोरं त्या चुकीसकट नागपूर-पुण्याला इंटरव्ह्यू देऊन आली असतील. क्रिकेट मुलींच्या बायोडाटातही तसंच जायचं. "भाऊ, थे हॉबी-बिबी तुमीच टाका," म्हणतात आणि बाकावर बसून मोबाइल पाहतात. मी टाकतो.

ईमेलचं त्याहून वाईट. परीक्षा फॉर्मला ईमेल लागतो, म्हणून पहिल्या वर्षाला आलेल्या पोराचा ईमेल मीच काढतो. पासवर्ड मीच ठेवतो आणि मीच वहीत लिहून ठेवतो, कारण पोरगा तो संध्याकाळपर्यंत विसरलेला असतो. अशा दोनशे पानी तीन वह्या माझ्या गल्ल्याखाली आहेत. तालुक्यातल्या निम्म्या पदवीधरांची कुलपं एका झेरॉक्सवाल्याच्या ड्रॉवरमध्ये आहेत म्हणा ना. मी सज्जन माणूस आहे हे त्यांचं नशीब. तीन वर्षांनी कुठूनतरी बोलावणं येतं तेव्हा पोराने सिम बदललेलं असतं, ओटीपी जुन्या नंबरवर जातो, आणि मेल आलेला कुणाला कळतच नाही. मागे एका मुलीचं बँकेतल्या परीक्षेचं हॉलतिकीट असंच पडून राहिलं. ती पोळ्याच्या वाणासाठी माहेरी आली तेव्हा मी वही उघडली. परीक्षा होऊन महिना झाला होता.

आता यंदाच्या एप्रिलमधली गोष्ट सांगतो. यात चूक माझी आहे.

बी.एस्सी. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा. गाव इथून नऊ किलोमीटर, घरी चार एकर, कापूस आणि तूर. त्याने मोबाइलवरून कुठेतरी अर्ज केला होता. काम लंडनच्या एका कंपनीचं, घरी बसून करायचं. रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचं आणि मशीनने लिहिलेला मजकूर बरोबर आहे का ते तपासायचं. मेल आला, व्हिडिओवर मुलाखत, वेळ युकेच्या घड्याळाने दुपारी 2. तो माझ्याकडे आला. मी हिशेब केला. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे संध्याकाळचे साडेसात. तो सातलाच आला, थोरल्या भावाचा शर्ट घालून. रस्त्यावरचा आवाज नको म्हणून मी शटर अर्धं खाली ओढलं, इन्व्हर्टर दिवसभर चार्ज करून ठेवला होता, फॅन बंद केला. सात वीसला लिंक उघडली तर समोर कुणीच नाही. मेल पाहिला, तर सहा पन्नासला त्यांचं पत्र येऊन पडलेलं. वीस मिनिटं वाट पाहिली, म्हणे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचाच राहतो. त्यांचे दोन म्हणजे आपले साडेसहा. सतरा वर्षं दुनियेचे फॉर्म भरतो, पण हे मला माहीत नव्हतं. त्या मुलाला नव्हतं. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढायला आलेल्या तीन प्राध्यापकांना विचारलं, त्यांनाही नव्हतं. कार्यशाळेत 'ग्लोबल माइंडसेट' वर दीड तास भाषण झालं होतं, त्यातले दोन मिनिटं घड्याळाला दिले असते तर भागलं असतं.

मुलगा म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, आपल्याले कोन विचारते." मला झोप आली नाही. सकाळी त्याला बोलावलं आणि म्हटलं, माफीचा मेल कर. तो म्हणाला, तुमीच लिहा. माझ्याकडे रजेच्या अर्जाचा नमुना आहे, 'आय बेग टू स्टेट' वाला, तो उघडला. उघडला आणि बंद केला. म्हटलं, काय झालं ते तू तुझ्या तोंडाने मराठीत सांग. तो म्हणाला, "मी सातलेच येऊन बसलो होतो, घड्याळाचा फरक मले माहीत नव्हता, अजून एक डाव बोलवा." तेवढंच इंग्रजीत केलं. तीन वाक्यं. एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं ते नंतर दिसलं. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा वेळ दिली.

मुलाखत घेणाऱ्या बाई मराठीच निघाल्या. मी काउंटरच्या पलीकडे बसून ऐकत होतो. त्यांनी विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? पोरगा ताठ बसून म्हणाला, "शुद्ध मराठी बोलतो, मॅडम." त्यांनी पुन्हा विचारलं, आईशी कसं बोलता? हा गप्प. मग त्यांनी एक आवाज ऐकवला. कुणी म्हातारा माणूस फोनवर बोलत होता: "मी तं कालच जाऊन आल्तो, तुमी कायले तरास घेता, थ्या पोट्ट्याले पाठवजा." पोरगा खुदकन हसला. बाई म्हणाल्या, आमच्याकडे हे कुणाला नीट ऐकू येत नाही, 'थ्या पोट्ट्याले' चं मशीनने भलतंच काही केलं आहे, आम्हाला हे समजणारी माणसं पाहिजेत.

माझ्या फाइलमध्ये 'लँग्वेजेस नोन' खाली इंग्लिश, हिंदी, मराठी एवढंच आहे. वऱ्हाडी नाही. आम्ही शाळेत 'मले' म्हटलं की गुरुजी हात पुढे करायला लावायचे. त्या छडीचा वळ त्या पोरापर्यंत पोचला होता, 'शुद्ध मराठी बोलतो' म्हणून. आणि लंडनच्या कंपनीला त्याच्याकडून नेमकं तेच हवं होतं. त्याला काम मिळालं. पगारी नोकरी नव्हे, तासावरचं काम, तीन महिन्यांचं. गावात नेटवर्क नसलं की टेकडीवरच्या मंदिराशी जाऊन बसतो. फार मोठं झालं असं मी म्हणत नाही. पण ते पन्नास रुपयांच्या बायोडाटामुळे झालं नाही, एवढं नक्की.

आता सर्टिफिकेटाकडे येतो, कारण पत्र लिहायला बसण्याचं खरं कारण ते आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर अभ्यासक्रमाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. चार क्रेडिट, एकशेवीस तास. पदवीलाही येतंच आहे. कल्पनेला मी नावं ठेवणार नाही. पोराने वर्गाबाहेर पडून कुठेतरी खरं काम करावं, त्याला गुण मिळावेत, यात वाईट काय आहे? पण आमच्याकडे ते कसं पार पडतं ते सांगतो. ट्रेनिंग झाल्याचं पत्र लागतं, त्यावर दुकानाचा शिक्का लागतो. पोरं माझ्याकडे येतात. माझ्याकडे नमुना आहे. 'हॅज सक्सेसफुली कम्प्लीटेड' वगैरे. तीस रुपये. मग तो कागद घेऊन पोरगा किराणा दुकानात, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर, कृषी केंद्रावर जातो. शेठ ओळखीचा असतो, शिक्का मारतो. शेठकडे शिक्का नसेल तर शिक्काही मीच करून देतो, दीडशे रुपयांत. माझ्या स्वतःच्या दुकानात गेल्या दोन वर्षांत अकरा विद्यार्थ्यांनी एकशेवीस-एकशेवीस तासांचं प्रशिक्षण पूर्ण केलं आहे. त्यातल्या दोघांना मी चेहऱ्याने ओळखतो.

हे लिहिताना मला लाज वाटते आहे, आणि धंदा बुडेल अशी भीतीही वाटते आहे. दोन्ही खरं आहे.

प्राध्यापकांना हे ठाऊक नाही असं नाही. पण त्यांना तरी काय बोलावं? अर्धे तासिका तत्त्वावर आहेत. दरवर्षी जूनमध्ये तेच माझ्याकडे स्वतःचा बायोडाटा घेऊन येतात, पीएच.डी. झालेले. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला माहीत नाही, तो साठ पोरांच्या मागे गावभर फिरून कोण कुठे बसलं आहे ते कधी पाहणार?

या सगळ्यात एक मुलगी वेगळी निघाली. एम.कॉम.ची. तिचा मामा एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर आहे, त्यामुळे ती जानेवारीत खरोखरच तिथे गेली. तास भरल्यावर माझ्याकडे रिपोर्ट टाइप करायला आली. रिपोर्टचाही नमुना माझ्याकडे आहे, सव्वीस पानी, प्रस्तावना-उद्दिष्टं-निष्कर्ष. तिने पिशवीतून वही काढली, जिनिंगमध्ये लिहिलेली. कोपरे तेलकट, पानांत रुईचे तंतू अडकलेले. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी चाळायला घेतली आणि वाचतच बसलो.

तिने लिहिलं होतं की गाडी वजनकाट्यावर आली की ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, आधी हात कुठे घालतो. वरच्या थरात नाही, मध्ये, कारण ओला कापूस मध्ये भरतात. ओलावा आठ टक्के असला तर पूर्ण भाव, वर गेला की कपात, बाराच्या वर सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं सरकारी महामंडळ, घेतच नाही. क्विंटलभर कापसातून 34-35 किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, निघते, बाकी बहुतेक सरकी. गाठ 170 किलोची, पण भाव बोलतात खंडीचा, 356 किलोचा. हे 356 कुठून आले, असं तिने शेठला विचारलं. शेठला सांगता आलं नाही. मग तिने स्वतः शोधलं: 784 पाउंड. इंग्रजांच्या वजनांतून आलेला आकडा. शेठच्या मोबाइलवर रोज रात्री न्यूयॉर्कच्या वायद्याचा भाव येतो, पाउंडाला सेंटमध्ये. तिने वहीत गणित मांडलं होतं. समजा 70 सेंट, गुणिले 784, म्हणजे साधारण 549 डॉलरची खंडी. डॉलर 90 रुपये धरला तर एकोणपन्नास हजारांच्या वर. खाली पेन्सिलने लिहिलं होतं: 'बाबाले दाखवणे'.

सरकारने 2025 साली 19 ऑगस्टला कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं आणि ती सूट पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. आमच्या गावात तेव्हा पारावर फक्त शिव्या ऐकू आल्या. या मुलीच्या वहीत कारण होतं. बाहेरची रुई शुल्काशिवाय किती रुपयांत पडते, गिरणीवाला त्यामुळे इथली का उचलत नाही, आणि 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये असताना व्यापारी खेड्यात येऊन त्याखाली का मागतो. माझ्या दुकानापासून दीड किलोमीटरवर शकुंतला या जुन्या छोट्या रेल्वेचं स्टेशन आहे, आता रुळांवर बाभळी वाढल्यात. ही गाडी इंग्रजांच्या कंपनीने टाकलीच मुळी वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला नेऊन पुढे मुंबईमार्गे विलायतेला पाठवायला. म्हणजे दुनियेच्या बाजाराशी आमचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. तो पोरांना सांगावा लागतो, आणि सांगणारं कुणी नाही. वरुड-मोर्शीकडे जा. बांगलादेशाने संत्र्यावर आयात शुल्क वाढवलं की तिथल्या बागेत तोडा थांबतो. हे त्या भागातल्या शेंबड्या पोराला कळतं. पण तोच पोरगा कॉलेजात गेला की 'इंटरनॅशनल ट्रेड' ची व्याख्या पाठ करतो आणि त्याला दोन्ही एकच आहेत हे कळत नाही.

त्या मुलीच्या वहीचं काय झालं? मी म्हटलं, हेच टाइप करू. ती म्हणाली, सरांनी सांगितलंय, हेडिंग नमुन्याप्रमाणेच पाहिजेत. शेवटी सव्वीस पानी नमुनाच गेला, नाव बदलून. वही तिने परत नेली. तोंडी परीक्षेत तिला ऑन जॉब ट्रेनिंगची व्याख्या विचारली.

पण मे महिन्यात तिला दक्षिणेतल्या एका सूतगिरणीच्या खरेदी विभागातून फोन आला. तिथलं सूत परदेशी जातं. ती माझ्या दुकानातच होती, दुसऱ्या कसल्याशा फॉर्मला. समोरच्याने इंग्रजीत विचारलं, ओलावा 14 टक्के आला तर काय कराल? हिचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणजे बेताचं. पण बोलली. पंधरा मिनिटं बोलली. हाताने दाखवत होती, फोनवर, कापूस मधून कसा काढायचा ते. निकाल अजून आलेला नाही, आणि तिच्या घरी स्थळंही पाहणं सुरू आहे.

संपादक महाराज, माझं म्हणणं एवढंच आहे. पोरांना स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच्या तोंडाने सांगता यावं, आधी मराठीत, घरच्या बोलीत असलं तरी चालेल, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. हे काम कॉलेजने करावं, मी करू नये. पहिल्या सेमिस्टरला प्रत्येकाने स्वतःचा ईमेल स्वतः काढावा, पासवर्ड स्वतःच्या डोक्यात ठेवावा, एक मेल प्राध्यापकांना पाठवावा आणि त्याला उत्तर मिळावं. एका तासाचं काम आहे. आणि ऑन जॉब ट्रेनिंगचे गुण शिक्क्याला देऊ नयेत, वहीला द्यावेत. तोंडीला एकच प्रश्न विचारावा: तिथे तू काय पाहिलंस? जो गेलाच नाही तो पहिल्या मिनिटात उघडा पडेल. जिनिंग आहे, बाजार समिती आहे, दालमिल आहे, सरकारी दवाखाना आहे. जागा कमी नाहीत. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिन्याला 10,000 रुपये मिळाले, आधी सहा महिने, मग आणखी पाच. त्यातल्या एकाला मी विचारलं, अकरा महिने काय केलं? म्हणाला, "साहेबाच्या मोबाइलमधून फोटो अपलोड केले." तेवढंही बायोडाटात कसं लिहायचं ते त्याला माहीत नव्हतं. मी टाकलं: पॉझिटिव्ह ॲटिट्यूड.

परदेशाच्या नावाने जे चालतं त्याबद्दलही थोडं. 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा माझ्या दुकानासमोर रांग लागली होती. मी किती फॉर्म भरले ते मोजले नाहीत. कुणाला बोलावणं आलं असेल तर पेढे माझ्यापर्यंत पोचले नाहीत. तिथे आधी जर्मन भाषेची पायरी चढावी लागते, नर्सिंगला तर बी2 या वरच्या पातळीपर्यंत, हे रांगेतल्या कुणाला सांगितलं गेलं नव्हतं. आणि सरकारी रस्ता लांब दिसला की एजंटचा जवळचा वाटतो. मागच्या वर्षी एक पोरगा थायलंडच्या डेटा एंट्रीचं ऑफर लेटर रंगीत प्रिंटला घेऊन आला. पत्रावर कंपनीचा पत्ता नाही, पगार मात्र डॉलरमध्ये. थायलंडला उतरवून पोरांना म्यानमारमध्ये नेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात, असे इशारे परराष्ट्र मंत्रालयाने किती वेळा दिलेत. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे, आणि एजंटला फी म्हणून 30,000 रुपये आणि जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. याच्याकडून दोन लाख मागितले होते. मी यादी उघडून दाखवली, त्यात एजंटचं नाव नव्हतं. पोरगा माझ्यावरच चिडला, प्रिंटचे दहा रुपये न देता गेला. पैसे जमले नाहीत म्हणून वाचला, माझ्यामुळे नव्हे. ही यादी कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लावायला किती खर्च येतो? प्रिंट मी फुकट देतो.

एक जूनपासून मी दुकानात पाटी लावली आहे: 'ट्रेनिंगचे सर्टिफिकेट व रिपोर्ट टाइप करून मिळणार नाही.' बायकोने विचारलं, गल्ला कोण भरणार? पहिल्याच आठवड्यात चार पोरं पाटी वाचून शेजारच्या नव्या दुकानात गेली. तिथे तेच काम पंचवीस रुपयांत होतं. बायोडाटाची 2011 ची फाइल मात्र अजून उडवलेली नाही. उडवायला गेलो की हात थांबतो. आता पोराला आधी कागद-पेन देतो आणि सांगतो, तू आजवर हाताने काय काय केलं ते लिही, निंदण असो की फवारणी, भावाच्या दुकानातला हिशेब असो. अर्ध्याहून जास्त पोरं कागद कोराच परत करतात आणि म्हणतात, "काही नाही केलं भाऊ, शिकूनच रायलो."

पत्र छापताना कृपया माझं नाव आणि गाव छापू नये. कॉलेज रस्त्याच्या पलीकडेच आहे, आणि झेरॉक्सचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अजून तेच आहे.

आपला वाचक,
एक झेरॉक्सवाला
जि. यवतमाळ